बंद कारखान्याच्या जागेखालचं तेल कुठे चाललं आहे, ते तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाणे-बेलापूर पट्ट्यात बंद पडलेल्या कारखान्याची चार एकर जागा आहे. बॉयलरचं फर्नेस ऑइल आणि जनरेटरचं डिझेल जमिनीखालच्या टाक्यांत असायचं. टाक्या काढल्या तेव्हा खालचा मुरूम काळा निघाला आणि जवळच्या बोअरमध्ये पाण्यावर ४० सेमी तेल दिसतं. खाडी पश्चिमेला ६०० मीटरवर आहे. सल्लागार म्हणतो, तीन बोअर मारू आणि एकदा माती-पाण्याचे नमुने घेऊ. तेवढ्यावरून तेल कुठे आणि किती वेगाने सरकतंय ते कळेल का?

नाही कळणार. त्यातून तेल आहे की नाही एवढंच कळेल, आणि ते तुम्हाला आधीच माहीत आहे. हालचाल कळायला चार गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात: पाण्याचा उतार कुठल्या दिशेला आहे, खडक पाणी किती सहज जाऊ देतो, त्यातल्या किती पोकळीतून पाणी खरोखर वाहतं, आणि तेल स्वतः अजून वाहतं आहे की भेगांत अडकून बसलं आहे. शिवाय कोकणात मे महिन्यातली आणि ऑगस्टमधली पाणीपातळी यांत मीटरांचा फरक पडतो. म्हणून एका दिवसाच्या मोजणीवर काढलेला दिशेचा बाण नकाशावर शोभतो, पण त्यावर निर्णय घेता येत नाही.

बोअरचं मशीन बोलावण्याआधी कारखान्याचे जुने नकाशे मिळवा. पावसाळी गटारं, केबलचे चर, यंत्रांचे पाये, बुजवलेली जुनी विहीर, टाक्यांपासून बॉयलरपर्यंतचे पाइप हे सगळं एका कागदावर आणा. चर खणून त्यात वाळू किंवा सैल मुरूम भरलेला असतो. आजूबाजूची माती चिकण असेल तर पाणी आणि तेल त्या भरीतून कालव्यासारखं वाहतं. भूजलाचा उतार पश्चिमेला असताना तेल उत्तरेच्या कुंपणाजवळ निघालं, तर पहिला संशय जुन्या गटारावर घ्यावा. शेजारच्या प्लॉटमधल्या बोअरवेलही नोंदवा. त्या साधारणपणे वरच्या काही मीटरांनाच केसिंग असलेल्या आणि खाली उघड्या असतात. अशी प्रत्येक बोअरवेल वरचं दूषित पाणी थेट खालच्या भेगांत नेणारी उभी नळी असते, आणि त्यातला पंप चालू असेल तर तोच उताराची दिशा ठरवतो.

आता जमीन. या पट्ट्यात वरून खाली साधारण भराव, मग माती किंवा खाडीकडे चिकण गाळ, मग मुरूम, मग झिजलेला मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट), आणि खाली भेगा पडलेला काळा पाषाण (घट्ट बेसॉल्ट) असा क्रम असतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी तांबडा मातकट पट्टा लागतो. पाणी त्यावर अडून आडवं पसरतं. मुरुमात पाणी बऱ्यापैकी सगळीकडून झिरपतं. काळ्या पाषाणात मात्र ते फक्त भेगांतून जातं. वाळूसाठी लिहिलेली सूत्रं आणि परदेशी वाळूच्या जागांवरचे आकडे इथे डोळे मिटून वापरता येत नाहीत, ते याचसाठी.

‘तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते पाण्याच्या वरच राहणार’ हे वाक्य अनेक अहवालांत असतं. भेगांच्या खडकात ते फसवतं. उभ्या भेगेत तेलाचा सलग स्तंभ उभा राहिला की बर्फाच्या तुकड्यासारखा त्याचा थोडा भाग पाणीपातळीच्या वर आणि बराचसा खाली असतो. डिझेलची घनता ०.८४ धरली तर पातळीच्या वर २० सेमी तेल असताना खाली ते एक मीटरपर्यंत उतरू शकतं (०.८४ भागिले ०.१६, म्हणजे सव्वापाच पट). फर्नेस ऑइलची घनता ०.९६ असेल तर हे प्रमाण २४ पट होतं. एवढ्या खोल उतरलेल्या तेलाला तिथे आडवी भेग भेटली, तर ते पाण्याखालूनच पुढे सरकतं.

तुमच्याकडे दोन तेलं आहेत, हेही महत्त्वाचं. डिझेल पातळ असतं. फर्नेस ऑइल ५० अंश सेल्सियसलाही दाटच असतं, आणि इथलं भूजल त्याहून बरंच थंड असल्यामुळे जमिनीत ते जवळपास जागच्या जागी बसतं. म्हणून टाकीपासून ५० मीटरवर वाहतं काळं तेल सापडलं तर ते बहुधा डिझेलने पातळ झालेलं फर्नेस ऑइल असतं. तेलाचा नमुना प्रयोगशाळेकडे देताना फक्त ‘एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ असा एक आकडा मागू नका. गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या तपासणीचा) पूर्ण आलेख, घनता आणि भूजलाच्या तापमानाला चिकटपणा मागा. डिझेलचा उंचवटा साधारण दहा ते पंचवीस कार्बन अणूंच्या साखळ्यांच्या पट्ट्यात येतो. त्यापुढची लांब शेपटी दिसली तर जड तेल मिसळलेलं आहे.

बोअर किती? चार एकरांसाठी पहिल्या फेरीत सात-आठ. एक टाक्यांच्या चढाकडे (पाणी जिकडून येतं तिकडे), तीन टाक्यांच्या आसपास, तीन खाडीच्या बाजूला पंख्यासारखे पसरून, आणि एक जोड-बोअर. जोड-बोअर म्हणजे शेजारी शेजारी दोन विहिरी, एक मुरुमात आणि एक खालच्या भेगांत. त्यांच्या पातळीतल्या फरकावरून पाणी खाली जातंय की वर येतंय ते कळतं. खालच्या विहिरीसाठी आधी मुरूम ओलांडून पक्क्या खडकात केसिंग बसवा, त्याभोवती सिमेंट-बेंटोनाइट (बेंटोनाइट म्हणजे पाण्यात फुगून फट बंद करणारी माती) भरून सुकू द्या, आणि मगच पुढे छिद्र पाडा. ही पायरी वाचवली तर तेलाला खाली जायची वाट तुम्हीच करून दिलेली असते.

निरीक्षण विहिरीसाठी १५० मिमी छिद्र आणि त्यात ५० मिमीचा यूपीव्हीसी पाइप पुरतो. स्लॉट (पाणी आत यायला पाइपला पाडलेल्या चिरा) अर्धा मिमी, भोवती एक ते दोन मिमीची धुतलेली वाळू, वर किमान ६० सेमी बेंटोनाइट, त्यावर सिमेंट, कुलूप लागणारं झाकण. सांधे आट्यांचे घ्या. सोल्व्हेंट सिमेंटने चिकटवलेल्या पाइपातून सोल्व्हेंट पाण्यात उतरतं आणि अहवालात टेट्राहायड्रोफ्युरानसारखी नावं उगवतात. सगळ्यात जास्त होणारी चूक स्लॉटच्या जागेत असते. मुरुमातल्या विहिरीत स्लॉट मे महिन्यातल्या पातळीच्या खालून सुरू होऊन ऑगस्टमधल्या पातळीच्या वरपर्यंत हवेत. पावसाळ्यात पाण्याखाली बुडलेल्या स्लॉटमधून वर तरंगणारं तेल आत येतच नाही, आणि अहवाल म्हणतो ‘तेल आढळलं नाही’.

डीटीएचने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याच्या बोअर-मशीनने) छिद्र पाडताना कॉम्प्रेसरची हवा दोन घोटाळे करते. ती बेन्झिनसारखी उडून जाणारी द्रव्यं उडवते, आणि स्वतःचं वंगण खडकात मारते. हवेच्या वाटेत तेल अडवणारा फिल्टर लावा आणि कॉम्प्रेसरच्या तेलाचा नमुना वेगळा राखून ठेवा, म्हणजे पुढे संशय आला तर आलेख ताडून पाहता येतो. मातीचे नमुने भराव आणि मुरुमातून सुक्या पद्धतीने घ्या. दर अर्ध्या मीटरला थोडी माती पिशवीत बंद करून दहा मिनिटांनी पीआयडीने (उडणाऱ्या द्रव्यांची वाफ मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने) वाफ मोजा. डिझेल आणि फर्नेस ऑइल कमी उडतात, त्यामुळे पीआयडीचा आकडा लहान आला म्हणून माती स्वच्छ समजू नका. पावसाळी दमट हवेत यंत्र आणखी कमी दाखवतं, आणि मिथेन तर त्याला दिसतच नाही. शंका आली की बरणीत माती आणि पाणी हलवून तवंग येतो का ते बघा. विहीर बांधून झाल्यावर पिस्टनने वर-खाली करून गढूळपणा निघेपर्यंत उपसा, आणि नमुन्याआधी किमान एक आठवडा जाऊ द्या.

पातळी मोजणं सोपं वाटतं, पण दिशेच्या बहुतेक चुका इथेच होतात. सगळ्या पाइपांच्या तोंडांवर एक खूण करा आणि त्यांची उंची लेव्हल यंत्राने मिलिमीटरमध्ये घ्या. उतार शंभर मीटरला एक मीटर असेल तर सेंटिमीटरची चूक खपते. खाडीजवळच्या सपाट जागेत ती बाण उलटा फिरवू शकते. तेल असलेल्या विहिरीत इंटरफेस प्रोबने दोन वाचनं घ्या, हवा-तेल आणि तेल-पाणी. मग तेलाच्या वजनाची दुरुस्ती करा. तेल-पाण्याची सीमा ९६.२० मीटर उंचीवर, तेल ६० सेमी आणि घनता ०.८४ असेल, तर खरी पातळी ९६.२० अधिक ०.५०, म्हणजे ९६.७० मीटर. ही दुरुस्ती विसरली की टाकीजवळ नसलेला खड्डा दिसतो आणि सगळं पाणी तिकडे वाहतंय असं वाटतं. याच्या उलटी चूकही होते. तेलाखाली पाण्यात सोडलेला, दाब मोजून आपोआप नोंदवणारा लॉगर तेलाचं वजन आधीच धरत असतो. त्याच्या आकड्यात पुन्हा दुरुस्ती करायची नाही. जड तेलाने प्रोबचं टोक माखलं तर तो खोटं वाचन देतो, म्हणून प्रत्येक विहिरीनंतर ते पुसा आणि स्वच्छ पाण्यात तपासा.

खाडीकडच्या विहिरींत भरती-ओहोटी पाणी वर-खाली करते. सकाळी एक आणि दुपारी दुसरी विहीर मोजून काढलेला उतार निरर्थक असतो. निदान तीन विहिरींत लॉगर ठेवून दर १५ मिनिटांची नोंद अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत घ्या, म्हणजे उधाण आणि भांग दोन्ही येतात. लॉगर पंधरा दिवस ठेवता येत नसेल तर सलग ७१ तास, दर तासाला एक असं वाचन घेऊन भरतीचा चढउतार गाळणारी सरासरी काढता येते. खोल विहिरीत पाणी खारं असेल तर तेही हिशेबात घ्या. समुद्राइतक्या खाऱ्या पाण्याचा १० मीटर स्तंभ गोड्या पाण्याच्या मापात २५ सेमी जास्त भरतो. त्यानंतर वर्षभर महिन्यातून एकदा सगळ्या विहिरी एकाच दिवशी मोजा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्या महिन्यांच्या नोंदी जवळच्या सरकारी विहिरीशी ताडून यंदाचं वर्ष नेहमीसारखं आहे का ते ठरवता येतं.

पुढचा प्रश्न खडक पाणी किती जाऊ देतो. दूषित जागेवर मोठी पंपिंग चाचणी म्हणजे हजारो लिटर तेलकट पाण्याची विल्हेवाट, म्हणून सुरुवात स्लग टेस्टने करा. विहिरीतून बेलरने (दोरीला बांधलेल्या लांबट नळीच्या बादलीने) एकदम पाणी उचलायचं आणि पातळी परत कशी चढते ते सेकंदागणिक नोंदवायचं. हॉर्स्लेव्हच्या सूत्रात पाइपच्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले स्लॉटची लांबी भागिले छिद्राची त्रिज्या याचा नैसर्गिक लॉगरिदम, आणि हे सगळं भागिले स्लॉटच्या लांबीची दुप्पट गुणिले मूळ फरकाचा ३७ टक्के उरायला लागलेला वेळ. पाइपची त्रिज्या ०.०२५ मीटर, छिद्राची ०.०७५, स्लॉट ३ मीटर आणि वेळ ६०० सेकंद असेल तर वाहकतेचं (खडक पाणी किती सहज जाऊ देतो त्याचं) उत्तर येतं दिवसाला सुमारे ०.०५५ मीटर. पण पातळी स्लॉटच्या मध्येच असेल तर पाणी नुसत्या पाइपमध्ये चढत नाही, भोवतीच्या वाळूतही चढतं. वाळूची पोकळी ३० टक्के धरून प्रभावी त्रिज्या ०.०४६ मीटर होते आणि उत्तर ०.१९ मीटर, म्हणजे साडेतीन पटींच्या जवळपास. अशा विहिरीत पाणी ओतून पडती पातळी मोजूच नका. ओतलेलं पाणी कोरड्या वाळूत शिरतं आणि खडक आहे त्यापेक्षा जास्त पाणी जाऊ देणारा भासतो. तेल असलेल्या विहिरीत ही चाचणी करायची नाही.

स्लग टेस्ट विहिरीभोवतीच्या काही मीटरांबद्दलच बोलते. भेगा कुणाला कुणाशी जोडतात ते कळायला स्वच्छ असलेल्या एका खोल विहिरीतून काही तास ठराविक दराने पंप करा आणि बाकी सगळीकडे लॉगर ठेवा. ४० मीटरवरची विहीर पाच मिनिटांत हलली आणि १० मीटरवरची दिवसभर हललीच नाही, तर गोंधळून जाऊ नका. तुम्हाला भेगेची दिशा सापडली आहे, आणि पुढचा बोअर त्याच रेषेवर घ्यायचा आहे. उपसलेलं पाणी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून आणि सक्रिय कार्बनमधून गेल्याशिवाय गटारात सोडायचं नाही.

आता वेग. पाण्याचा वेग म्हणजे वाहकता गुणिले उतार भागिले प्रभावी पोकळी. वाहकता दिवसाला २ मीटर आणि उतार शंभरास एक धरा. पोकळी वाळूसारखी २५ टक्के घेतली तर वेग दिवसाला ८ सेमी येतो आणि खाडी वीस वर्षं लांब राहते. भेगांच्या खडकाला साजेशी २ टक्के घेतली तर वेग दिवसाला एक मीटर आणि खाडी पावणेदोन वर्षांच्या आत. मोजलेलं सगळं तेच आहे, फक्त एक गृहीत बदललं. ‘सच्छिद्रता ०.२५ (गृहीत)’ अशी ओळ अहवालात दिसली की थांबून विचारा, हा आकडा कुठून आणला?

तो आकडा जागेवर मिळवायचा मार्ग म्हणजे ट्रेसर. चढाकडच्या विहिरीत रंग किंवा क्षार सोडायचा आणि उताराकडच्या विहिरीत तो कधी आणि किती येतो ते मोजायचं. बाकी ठिकाणी ब्रोमाइड छान चालतं, पण खाडीकाठी नाही, कारण समुद्राच्या पाण्यातच लिटरला सुमारे ६५ मिलिग्रॅम ब्रोमाइड असतं. मिठाचंही तेच. इथे फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग बरा. मात्र तेलातली काही द्रव्यंही प्रकाशात चमकतात, म्हणून आधी दोन आठवडे विहिरींची मूळ चमक मोजून ठेवा आणि नमुने काळ्या बाटलीत ठेवा, उन्हात हा रंग उडतो. नमुने सुरुवातीला तासागणिक घ्या. दिवसातून एकदाच घेतलेल्या नमुन्यात भेगेतून आलेली पहिली लाट निसटते. पहिली लाट लवकर आली आणि शेपटी आठवडेच्या आठवडे रेंगाळली, तर रंग भेगांच्या कडेच्या झिजलेल्या खडकात शिरून हळूहळू परत येतो आहे. विरघळलेलं तेलही तसंच वागणार, आणि साफसफाईनंतर वर्षांनी आकडे पुन्हा वर येण्याचं हेच कारण असतं.

तुमच्या बोअरमधल्या ४० सेमी तेलाचं काय? त्यावरून जमिनीत तेल किती आहे ते ठरवू नका. वर्षभराच्या नोंदीतून पाणीपातळी एका अक्षावर आणि तेलाची जाडी दुसऱ्यावर मांडा. पाणी चढताना जाडी कमी होत असेल तर तेल मुरुमात मोकळं आहे: पावसाळ्यात ते पाण्याखाली अडकतं आणि उन्हाळ्यात परत विहिरीत उतरतं. पाणी चढताना जाडी वाढत असेल तर तेल चिकण थराखाली किंवा भेगेत दाबलेलं आहे आणि विहीर त्याला मोकळी वाट देते आहे. त्यानंतर बेलडाउन चाचणी करा. विहिरीतलं तेल झटपट काढा, पाणी शक्य तितकं कमी हलवा, आणि दोन्ही सीमा परत कशा येतात ते आधी मिनिटांनी, मग तासांनी, मग दिवसांनी नोंदवा. १५ सेमीपेक्षा पातळ थरावर ही चाचणी भरवशाची नसते. तिच्यातून तेलाची संवहनता, म्हणजे तेल विहिरीकडे किती सहज वाहू शकतं ते मिळतं. ती दिवसाला ०.०१ ते ०.०७ चौरस मीटर या पट्ट्यात किंवा त्याखाली असेल तर पंप लावून फारसं तेल निघत नाही, असा जगभरचा अनुभव आहे. ही चाचणी मे महिन्यात करा. ऑगस्टमधलं उत्तर खोटा दिलासा देतं.

विरघळलेल्या भागासाठी पाण्याचे नमुने मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतक्या सावकाश दराने उपसून घ्या. पीएच, विद्युत वाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाल्यावरच बाटली भरा. तवंग असलेल्या विहिरीतून विरघळलेल्या तेलाचा नमुना घेऊ नका. डिझेल पाण्यात लिटरला ५-१० मिलिग्रॅमच्या घरातच विरघळतं, त्यामुळे ५० असा आकडा आला तर बाटलीत तेलाचे थेंब गेले आहेत. बेन्झिनसाठीच्या ४० मिलिलिटरच्या बाटलीत बुडबुडा नको. आपल्या बेसॉल्टातलं पाणी बायकार्बोनेटने भारलेलं असतं आणि नमुना टिकवायला बाटलीत घातलेल्या आम्लाने ते फसफसतं. तसं झालं तर आम्लाशिवाय नमुना घ्या, ४ अंशांवर ठेवा आणि चौदाऐवजी सात दिवसांत तपासून घ्या. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच विहिरीचा दुसरा नमुना) आणि प्रत्येक पेटीत शुद्ध पाण्याची एक बंद बाटली असावी.

सोबत नायट्रेट, विरघळलेलं लोह, सल्फेट, मिथेन आणि अल्कलिनिटीही मोजा. जिवाणू तेल खातात तेव्हा आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट, मग लोह विरघळू लागतं, मग सल्फेट उतरतं, शेवटी मिथेन येतो. अमेरिकेत मिनेसोटामधल्या बेमिजी इथे १९७९ साली पाइपलाइन फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. साफसफाईनंतरही ४ लाख लिटरच्या आसपास जमिनीत राहिलं. १९८३ पासून तिथे मोजमाप चालू आहे, आणि विरघळलेली द्रव्यं पाण्याच्या वेगाने पुढे गेली नाहीत, कारण जिवाणूंनी ती वाटेतच खाल्ली. पण ती जागा वाळूची आहे. तुमच्या भेगांत पाणी जिवाणूंना तेवढा वेळ देतं की नाही, ते तुमच्याच विहिरींच्या ओळीतून कळेल: उताराच्या दिशेने तेल घटताना सल्फेटही घटतंय का? खाडीकडे सल्फेट भरपूर असतं, म्हणून तिथे ते क्लोराइडच्या प्रमाणात बघा. नाहीतर खारं पाणी मिसळल्याने वाढलेलं सल्फेट आणि जिवाणूंनी खाल्लेलं सल्फेट एकमेकांना झाकतात. जिवाणू सल्फेट खातात तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असू शकतो, म्हणून अशा विहिरींचं झाकण उघडताना त्याचं मोजयंत्र गळ्यात हवं.

सल्लागाराला एवढंच सांगा की प्रस्तावात सात-आठ विहिरी, एक जोड-बोअर, बारा महिन्यांच्या पातळ्या, मे आणि ऑक्टोबर असे दोनदा नमुने, प्रत्येक स्वच्छ विहिरीत स्लग टेस्ट, तेलाच्या विहिरीत बेलडाउन आणि निदान एक ट्रेसर येऊ दे. पैसे कमी पडत असतील तर प्रयोगशाळेच्या यादीतली निम्मी नावं कापा, पातळीच्या फेऱ्या कापू नका. तो जुना, तेल असलेला बोअर खाली उघडा असेल तर वर्षभर थांबू नका. त्यात कॅमेरा सोडून तेल कुठल्या खोलीवर आत येतं ते बघा, त्याच्या शेजारी नीट बांधलेली विहीर घ्या, आणि जुना बोअर तळापासून वरपर्यंत नळीने सिमेंट-बेंटोनाइट सोडत बुजवा. वरून माती ढकलून बुजवलेला बोअर मध्येच अडतो आणि खाली पोकळ राहतो.